नऊ मीटरखालचे देव

मला एक सांगा, विश्वास ठेवावा तरी कोणावर? शिकलेल्या माणसावर? छापील कागदावर? की रक्ताच्या नात्यावर? माझ्या दुकानात चहा प्यायला बसणारी मंडळी यावर तासन् तास बोलतात. मी बत्तीस वर्षं रत्नागिरीच्या बाजारात सिमेंट, पाईप आणि पंप विकतोय. माझं म्हणणं एवढंच, की ज्याच्यावर ठेवायचा त्याच्यावर ठेवा, पण गिऱ्हाइकाचं तोंड बघून ‘हो’ म्हणणाऱ्या दुकानदारावर ठेवू नका. हे इतक्या खात्रीने सांगतो, कारण तो दुकानदार मीच.

ऐका मग. चहा घ्या, गार होईल. हसलात तरी माझी हरकत नाही. सुरुवातीचा भाग सांगताना मलाही हसू येतं. पुढे येईनासं होतं.

माझं शिक्षण दहावीपर्यंत. म्हणजे दहावीने मला सोडलं, मी तिला नाही. पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. पंप विकायला गेलो की लोक विहिरीत उतरवायचे. असं उतरून उतरून जमीन कळायला लागली. आमच्याकडे वर जांभा, त्याखाली पिवळी-पांढरी चिकण माती, मग मुरूम, आणि सगळ्यांच्या खाली काळा कठीण काळवत्री दगड. हा क्रम मला शाळेतल्या कवितांपेक्षा चांगला पाठ आहे.

त्या हुशारीच्या भरात मी एक जुनं ड्रिलिंग मशीन घेतलं. अलोऱ्याला एका माणसाच्या परसात पडलं होतं, वर भोपळ्याचा वेल चढला होता. वेल काढला आणि मशीन आणलं. त्या मशीनबरोबर सोनूनाना आला. तोही अलोऱ्याचाच. सगळी हयात बोगद्यांसाठी जमिनीला भोकं पाडण्यात गेलेली. मशीनच्या आवाजावरून खाली माती आहे की दगड ते सांगायचा. जे निघेल ते पेन्सिलीने वहीत लिहायचा, आणि लिहिलेलं कधी खोडायचा नाही.

काम असं असतं बघा. पूल किंवा टाकी बांधायच्या आधी खाली काय आहे ते इंजिनिअरला हवं असतं. पोकळ नळीच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेले असतात. ती गरगर फिरत खाली जाते आणि नळीत दगडाची गोल, गुळगुळीत कांडी भरून येते. नळी तापू नये म्हणून वरून पाणी सोडतात, ते भोकातून परत वर येतं; खाली पोकळी असली तर जमीन ते गिळते आणि नळीचा रॉडही अचानक खाली घसरतो. ती ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने लाकडी पेटीत मांडायची. प्रत्येक तुकड्यावर नंबर, वरची बाजू दाखवणारा बाण, आणि किती मीटरवर निघाला तो आकडा. मग भूगर्भाचं शिकलेलं माणूस येतं, ती पेटी पुस्तकासारखी वाचतं आणि लिहून देतं. त्या लिहून दिलेल्या कागदावर पूल उभा राहतो. किंवा राहत नाही.

आता माझ्या आक्काचं सांगतो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सासर एका वाडीत आहे. वाडीचं नाव सांगत नाही, उद्या तुम्ही तिथे गेलात तर माझ्याबद्दल चांगलं ऐकाल, आणि ते मला सहन होणार नाही. वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये एक पऱ्या आहे, म्हणजे ओढा. उन्हाळ्यात त्यात बेडूकही बुडत नाही. पावसाळ्यात माणसाला उचलून नेतो. लोक दरवर्षी सुपारीच्या ओंडक्यांचा साकव घालतात आणि पऱ्या तो दरवर्षी समुद्राला पोचवतो.

भावोजींच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला रत्नागिरीला यावं लागतं. पहिल्या पावसाळ्यात चार जणांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यातून आणलं. भावोजी वरून म्हणत होते, “अरे, माझी पालखी काय काढताय, मी अजून देव झालो नाही.” सगळे हसले. आक्का हसली नाही. तिने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, “पूल होऊ दे रे. नाहीतर आमास हे घर सोडायला लागेल.” त्या घरात तिची चाळीस वर्षं गेली होती. आंब्याची कलमं तिने लावलेली, गोठा तिने शेणाने सारवलेला.

आणि पूल मंजुरीला आला. दोन बोअर घ्यायचे होते, एक रस्त्याच्या बाजूला, एक वाडीच्या बाजूला. ते काम मी मागून घेतलं. म्हटलं, बहिणीचा पूल आहे, भोक परक्याने का पाडावं?

एक नंबरचा बोअर चांगला झाला. दोन नंबरचा, वाडीच्या बाजूचा, त्याहून झकास. आठ मीटरवर काळवत्री लागला आणि नळीतून वीतवीतभर लांबीच्या कांड्या निघायला लागल्या. काळ्याभोर, चकचकीत, एकही चीर नाही. सोनूनाना कधी कोणाची स्तुती करत नाही, तो म्हणाला, “भाऊ, याच्यावर हत्तींचा कळप उभा करा.” आक्काने त्या दिवशी आम्हाला घावने घातले. भावोजींनी एक कांडी मांडीवर घेऊन तिच्यावरून हात फिरवला, जणू नातवंड.

आता बघा, माझ्या हुशारीची पहिली पायरी. पेटी भरली की लगेच तिचा फोटो काढायचा असा नियम आहे. फोटो मी काढतो, कारण सोनूनानाच्या फोनला फक्त बटणं आहेत. मी त्या दिवशी दुकानात पाईपचा ट्रक उतरवून घ्यायला परत आलो. म्हटलं, दगड कुठे पळून जातोय?

पेट्या ठेवायच्या कुठे? वाडीतल्या देवळाच्या सभामंडपात. याहून सुरक्षित जागा कुठली? आमच्याकडे देवळात सायकल ठेवा, भाताची पोती ठेवा, कोणी हात लावत नाही. मी स्वतः गुरवाला सांगितलं की या पेट्या आठ दिवस सांभाळा, फार मोलाचं आहे. माझे शब्द नीट लक्षात घ्या. फार मोलाचं आहे, असं मी देवळात उभं राहून गुरवाला सांगितलं. मग सोनूनाना मशीन घेऊन दुसऱ्या कामावर बुरोंडीला गेला.

त्या आठ दिवसांत महाशिवरात्र आली.

मॅडमचा फोन आला, उद्या अकराला येते. त्या पुण्याच्या, भूगर्भाचं शिकलेल्या निंबाळकर मॅडम. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण दगडाकडे अशा बघत की दगडालाच घाम फुटावा. मी सकाळी आठलाच वाडीत पोचलो. सभामंडपात गेलो. दोन नंबरची पेटी उघडली. नऊ ते अकरा मीटरचा कप्पा रिकामा. अगदी रिकामा नाही, तळाशी चुरा आणि बोटाएवढे तुकडे होते. लांब कांड्या सगळ्या गायब. वर दोन बेलाची पानं आणि थोडा गुलाल.

गुरव अंगण झाडत होता. मी विचारलं, यातले तुकडे कुठे आहेत?

“कुटले तुकडे?” त्याने झाडू खाली ठेवला. “भाऊ, त्ये आता तुकडे नाय ऱ्हायले. पंचामृत झालाय त्येंच्यावर.”

मग त्याने सांगितलं ते असं. दरवर्षी वाडीतले लोक महाशिवरात्रीला जयगडच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून वेळणेश्वराला जातात. यंदा कोणीतरी पेटीत डोकावलं. पृथ्वीच्या पोटातून आलेले, काळेभोर, गोल, गुळगुळीत दगड, माणसाचा हात न लागलेले. आणि भाऊने स्वतः सांगितलंय की फार मोलाचं आहे. म्हणजे देवच वाडीत वर आलाय, मग आपण फेरीने कुठे जायचं? घरटी एक अशी कांडी वाटली गेली. वाजतगाजत. लोकांनी नेमके लांब आणि अखंड तुकडे निवडले. साहजिक आहे, देव म्हणून तुटका दगड कोण घेईल? म्हणजे दगड उत्तम असल्याचा जेवढा पुरावा होता तेवढा देव्हाऱ्यात गेला, आणि पेटीत राहिला तो भुगा.

मी आक्काकडे धावलो. तिच्या देव्हाऱ्यात दोन होत्या, एक भावोजींच्या आजारपणासाठी जास्तीची मागून घेतलेली. नंबर घासून धुतलेले, एकीवर लाल फूल, एकीवर पांढरं.

मी हात पुढे केला तशी म्हणाली, “हात लावू नको हां मेल्या. लाल फुलाचा ह्यांच्या नावान ठेवलाय. बसवलेला देव उठवतात काय?”

तुम्ही असतात तर उचलला असता? मी नाही उचलला.

मी बुरोंडीला सोनूनानाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “त्यात काय एवढं? रिकाम्या जागी लाकडाचा ठोकळा ठेवा, त्यावर लिहा, नमुना हरवला. मॅडम वही मागतील तर माझी वही घेऊन मी संध्याकाळपर्यंत येतो. पायजे तर बाजूला परत बोअर मारू, दोन दिवसांचं काम.”

दोन दिवसांचं काम. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते आजही झोपू देत नाही.

पण मी विचार केला की मॅडमना काय सांगू? मॅडम, तुमचा दगड लोकांनी पुजायला नेला? माझ्याकडे त्या हसतील. पुण्यात जाऊन चार लोकांत सांगतील. एवढा बाजारात नावाजलेला मी, दगड सांभाळता येत नाही म्हणतील. आणि सोनूनानाची वही दाखवायची म्हणजे माझ्यापेक्षा माझा कामगार खरा ठरणार. नको.

माझ्या पिकअपमध्ये एक पोतं कायम असतं. त्यात जुन्या कामांवरच्या उरलेल्या कांड्या. चढावर गाडी लावली की चाकाखाली टाकायला. मापाला तंतोतंत, कारण मशीन तेच. मी पोतं ओतलं, काळ्या काळ्या निवडल्या, पऱ्यात धुतल्या. काळा दगड तो काळा दगड, त्याला काय गावाचं नाव लिहिलेलं असतं? दोन कांड्यांची टोकं मात्र एका बाजूने तांबडी होती. विटेसारखी. ती दिसायला नकोत म्हणून मी काय केलं असेल? दोन्ही तांबडी टोकं एकमेकांना भिडवून ठेवली. वरून बघितलं तर नुसता एक सांधा. मला माझंच कौतुक वाटलं. मग पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घातले, बाण काढले. अकराला पाच कमी होते.

मॅडम आल्या. पेटीशी उकिडव्या बसल्या, भिंग काढलं. पहिले नऊ मीटर भराभर वाचून झाले. मग त्यांनी माझी एक कांडी उचलली आणि बोटं बघितली.

“काका, हा रंग ओला कसा?”

“कोकणातली हवा आहे मॅडम, दमट. इथे पापड पंधरा-पंधरा दिवस वाळत नाहीत.”

ऊन असं होतं की देवळाच्या पायरीवर पापड भाजला असता. मॅडमनी बोट रुमालाला पुसलं. कांडी फिरवत राहिल्या. म्हणाल्या, यात पांढरे ठिपके आहेत, वरच्या दगडात नाहीत. मी म्हटलं, असतात मॅडम, आमच्याकडे असतात. मग त्यांनी पुढची कांडी उचलली आणि तांबडं टोक समोर आलं. तिला भिडलेली दुसरी उचलली, तिचंही टोक तांबडं.

मॅडमचा चेहरा उजळला. खरं सांगतो, सोनं सापडल्यावर उजळावा तसा. मला समजावून सांगायला लागल्या. काळवत्री म्हणजे पूर्वीचा लाव्हा. एक लाट येऊन थिजते, तिच्यावर माती होते, मग दुसरी लाट येते आणि ती माती भाजून विटेसारखी लाल होते. तो लाल थर कच्चा असतो, पाण्याने भुसभुशीत होतो. पुलाच्या पायाखाली तो असला तर फार जपावं लागतं. आणि इथे तो बरोबर पावणेदहा मीटरवर दोन कांड्यांच्या मध्ये सापडला होता. ज्या माणसाने तो तिथे सकाळी साडेदहाला तयार केला, तो शेजारी उभा राहून मान डोलवत होता.

इथेही थांबता आलं असतं. पण मी दुकानदार. गिऱ्हाईक विचारतं, हा पंप वीस फूट खेचेल ना? मी म्हणतो, पंचवीस खेचेल. बत्तीस वर्षांची सवय.

“काका, या खोलीवर मशीनचं पाणी परत येणं कमी झालं होतं का?”

“कमी? एकदम गेलं मॅडम. गिळलंन जमिनीने.”

“म्हणजे पूर्ण बंद? मग रॉड खाली घसरला होता का? अचानक?”

मॅडम एवढ्या आशेने बघत होत्या. नाही कसं म्हणायचं?

“घसरला.”

“किती?”

“असेल... दीड वीत.”

त्यांनी लिहिलं. मी त्यांना लिहिताना बघत होतो, आणि गिऱ्हाईक खूश झाल्याचं समाधान मला वाटत होतं. मला वाटलं, ही सगळी वरची नक्षी. खाली काळा दगड आहेच, पूल होणारच, रिपोर्ट जरा जाड होईल एवढंच. मग त्यांनी त्याच कागदाखाली माझी सही घेतली, ड्रिलिंगची माहिती देणारा म्हणून.

आक्काने त्यांना घरी नेलं. कोकमाचं सरबत दिलं, हळदकुंकू लावलं, आणि देव्हाऱ्यासमोर उभं केलं. मॅडमनी चपला काढल्या होत्या, हात जोडले, डोळे मिटले. पुण्याहून ज्या दगडाच्या शोधात त्या आल्या होत्या त्याच्यापासून हातभर अंतरावर उभं राहून त्यांनी त्याला नमस्कार केला, आणि निघाल्या. दारात आक्का म्हणाली, “पूल होईल ना गो बाय?” मॅडम तिच्याकडे न बघता म्हणाल्या, बघू या हं मावशी. मी तेव्हा देव्हारा बघत होतो. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं.

रिपोर्ट आला तो एप्रिलमध्ये. जाड, रंगीत फोटोंचा, चकचकीत. त्यात माझी पेटी, माझे ओले नंबर. लिहिलं होतं, वाडीच्या बाजूला नऊ ते अकरा मीटरवर दगड भंगलेला, कच्चा लाल थर, पोकळीची दाट शक्यता. ही जागा सोडावी. वरच्या अंगाला तीन किलोमीटरवर दुसरी जागा चांगली आहे. आणि पूल तीन किलोमीटर वर गेला. तिथून वाडीत उतरायला पायवाटसुद्धा नाही, मध्ये अख्खा डोंगर.

मी मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. पोतं, चाक, लाल टोकं, पापड.

मॅडम म्हणाल्या, “दगड बदललात ते एक वेळ समजलं. घाबरला असाल. पण रॉड घसरला हे का सांगितलंत? मी फक्त विचारलं होतं, काका.”

तुम्हाला उत्तर सुचतंय?

त्यांनी सांगितलं, हे सहीनिशी लेखी द्या. मी दिलं. एवढं तरी केलं. त्यांनी ते आपल्या पत्रासह पुढे पाठवलं. मी स्वतः बांधकाम खात्याच्या कचेरीत जाऊन म्हटलं, फुकट दुसरा बोअर मारून देतो, दोन दिवसांचं काम. तिथल्या साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की आता वरच्या जागेचं काम सुरू झालंय, या पुलाचं पुन्हा प्रस्तावापासून बघावं लागेल. म्हणजे किती दिवस? साहेब पंख्याकडे बघत राहिले. माझं नाव मात्र ठेकेदारांच्या यादीतून लगेच काढलं, त्याला प्रस्ताव लागला नाही. सोनूनाना बुरोंडीचं काम संपवून अलोऱ्याला गेला तो परत आला नाही. त्याला आणायला गेलो तर म्हणाला, “माझ्या वहीत पाणी पूर्ण परत आलंय, भाऊ. दगड सलग आहे. तुम्ही वही मागितलीत नाय.” रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

आता राहिलं वाडीला सांगणं. मे महिन्यात मी गेलो. मुंबईहून आलेले चाकरमानीही होते, त्यामुळे सभामंडप भरला होता. आक्का बायकांत बसली होती, भावोजी खांबाला टेकून. मी उभा राहिलो आणि सुरुवातीपासून सांगितलं. खाली पोकळी नाही, लाल थर नाही, दगड पहिल्या प्रतीचा आहे. तुमच्या देव्हाऱ्यात आहे तोच दगड. जे काही वाईट लिहिलंय ते मी माझ्या गाडीतून आणून पेटीत घातलं. पाणी गेलं नव्हतं, रॉड घसरला नव्हता, मी खोटं बोललो. माझ्या लेखी कबुलीची प्रत वाचून दाखवली.

कोणीतरी खोकलं. मला वाटलं आता शिव्या येतील. खरं सांगू? मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. शिव्या हव्याच होत्या.

गुरव उठला. फार मायेने बोलला. “भाऊ, आमी काय लहान प्वार हाव? पोकळ हाय त्ये आमास म्हाईत हाय. द्येव वर आलं, तवा खाली पोकळ व्हनारच ना?”

सगळ्यांनी माना हलवल्या. एक बाई म्हणाली, हल्ली त्या जागी कपडे आपटले की खालून घुमतं. चाकरमान्यांपैकी एकाने पिशवीतून रिपोर्टची प्रत काढली, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “भाऊ, हे छापील आहे. रंगीत फोटो आहेत. तुमचा कागद तुम्ही हाताने लिहिलेला.”

मी म्हटलं, अरे बाबांनो, या खोटेपणासाठी माझं नाव यादीतून कापलं, हे बघा पत्र.

हीच शेवटची चूक. गुरवाने ते पत्र डोक्याला लावलं. म्हणाला, “बघा रे. भैनीची आशा मोडू नये म्हनून भाऊन सोताचा नाव घालवलान.”

बायकांत हुंदका आला. आक्का उठून माझ्याजवळ आली. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा.

“एवढा खोटा बोललास रे माझ्यासाठी,” ती म्हणाली. “नको हो बोलूस. आमी जातो घर सोडून. तू नको जीवाला लावून घेऊ.”

बत्तीस वर्षं मी खोटं बोललो आणि लोकांनी माल घेतला. जन्मात एकदा भर सभेत खरं बोललो, तर त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही.

जूनच्या आधी आक्का आणि भावोजी माझ्या दुकानामागच्या खोलीत राहायला आले. गाय दिली, कलमं वाट्याने दिली. भावोजी आता सकाळी दुकानात खुर्ची टाकून बसतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की मेव्हण्याने वेळीच ओळखलंन म्हणून, नाहीतर पूल आम्हाला घेऊन खाली गेला असता. मग लोक माझ्याकडे वळतात आणि विचारतात, भाऊ, आमच्याही जागेखाली एकदा बघाल काय? आणि मी गल्ल्यावर बसून हिशेब करत असल्यासारखं करतो.

तुम्ही आता निघाल. निघण्याआधी एक मागणं आहे. तुमच्याकडेही कसली ना कसली वही असेलच, दुकानाची, शेतीची, नाहीतर दगडामातीची. तिच्यात जेवढं हाती आलं तेवढंच लिहा. जे हरवलं ते हरवलं म्हणून लिहा, आणि समोरचा कितीही आशेने बघत असला तरी त्याच्यासाठी एक आकडाही पदरचा घालू नका. एवढं माझ्यासाठी करा.